चुलबंद आवतण

भाताचं एकच शीत, वाळून खड्यासारखं झालेलं, काळ्या कोटाच्या उजव्या बाहीवर, बटणाच्या जरा वर... आणि आता ते नखाने काढायचं तर स्टेजच्या कडेला उभं राहून, सगळ्या हॉलच्या डोळ्यांदेखत खरवडावं लागेल, म्हणून रेणुकाने डावा हात उजव्या मनगटावर ठेवला, नम्रपणे उभं राहिल्यासारखा. लेकीला, चिमीला भरवताना लागलं असणार. पण कोट तर सकाळी पिशवीत होता. कोट ती घरून घालून निघत नसे. रिसॉर्टच्या फाटकाशी, वॉचमनच्या खोलीआड घालायची, कारण गावातून काळा कोट घालून चालत जाणं म्हणजे — म्हणजे काय, कोणी काही म्हणालं नव्हतं कधी. तरी.

माइकवर राजेश्वरी मॅडम बोलत होत्या. पुण्याच्या कंपनीच्या ह्या वार्षिक मेळाव्याचं सगळं त्यांच्याकडे होतं, आणि रिसॉर्टच्या बाजूने सगळं रेणुकाकडे: हॉल, खुर्च्या, पडदा, चहाची वेळ, जेवण. मॅडम म्हणत होत्या की दुपारी आपण इथल्या वरच्या वाडीतल्या कुटुंबांना सौरदिवे देणार आहोत, आज ते आपले पाहुणे आहेत. टाळ्या पडल्या. रेणुकानेही हात सोडून दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा मनगट झाकलं.

पाहुणे. हॉलच्या काचेतून हिरवळ दिसत होती, पलीकडे मेंदीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे, एरवी बस उभ्या राहतात तिथे, पांढरा मांडव. वाडीची माणसं सकाळपासूनच येऊन बसली होती. रेणुकाने दुपारी या म्हणून सांगितलं होतं. पण जेवायला बोलावलंय म्हटल्यावर उशिरा जाणं बरं दिसत नाही, म्हणून सगळेजण लवकर आले होते — तेल लावून चापून भांग पाडलेली पोरं, लग्नातली लुगडी नेसलेल्या बाया, धोंडाबाई म्हातारीला तर दोघांनी धरून उतारावरून आणलेलं. आणि मधोमध आत्या, तिच्या सासूबाई, मांडीवर चिमी. चिमीचा लाल फ्रॉक तेवढा इथून दिसत होता. तो लाल ठिपका जागेवर आहे ना, हे रेणुका दर थोड्या वेळाने पाहून घेत होती. हलला की तिचा जीव हले. परत बसला की बसे. आज मात्र त्या ठिपक्याकडे पाहताना भोवतालची माणसंही दिसत, किती आहेत ते दिसे, आणि ती चटकन नजर काढून घेई.

इतकी सगळी येतील असं... नाही, असं म्हणता येणार नाही. येणारच होती. मीच तसं सांगितलं होतं.

देहूरोडला, डेपोच्या क्वार्टरांमध्ये ती वाढली, तिथे आमंत्रण म्हणजे दाराच्या कडीत खोचलेली पत्रिका. वर 'सहकुटुंब' लिहिलेलं असे आणि ते कोणी मनावर घेत नसे. वडील एकटेच जात, पाकीट देऊन जेवून येत. लग्न होऊन ती कार्ल्याच्या ह्या बाजूला आली, त्या पहिल्या वर्षी एक माणूस सकाळी दारात येऊन "घरटी एक" एवढंच म्हणून पुढच्या दाराकडे गेला, आणि तिला वाटलं वर्गणी मागतोय. आत्या हसून हसून ओट्यावर बसल्या होत्या. मग त्यांनीच समजावलं होतं. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. आणि चुलबंद म्हणजे झाडून सगळं घर — म्हातारं, तान्हं, दारी आलेला पै-पाहुणा, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. "पेटिवली तर बोलावनाऱ्याचा आपमान," आत्या म्हणाल्या होत्या, "आन् पेटिवली न्हाई, आन् तितं जेवान मिळालं न्हाई, तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं. त्यांच्या लेखी तसं कधी होतच नसावं.

मॅडमनी फोनवर अगदी स्पष्ट सांगितलं होतं. जेवण प्रत्येक घरातल्या एकाला, बाकीच्यांना स्नॅक बॉक्स. पण फोटोत मात्र फुल फॅमिलीज हव्यात रेणुका, मुलं तर हवीतच, लाइफ येते त्याने. म्हणजे घरटी एक. इतकं सोपं. त्या गोष्टीला गावात शब्दही तयार होता. मग ती आत्यांना घेऊन वाडीवर गेली, कारण वाडीची माणसं दरवर्षी भातलावणीला, कापणीला त्यांच्या खाचरात येतात आणि आत्यांच्या शब्दाला मानतात. तिथे गंगीच्या अंगणात, गंगी सुपात नाचणी पाखडत होती, तिचा नवरा गोविंदा उंबऱ्यात, शेजारपाजारच्या बाया आपापली कामं हातात घेऊन उभ्या. रेणुकाने सगळं नीट सांगितलं — कंपनी, उपक्रम, सौरदिवे — आणि सांगताना तिला स्वतःचाच आवाज माइकवरून आल्यासारखा ऐकू येत होता.

"मावशी, तुमची सूनबाई लय ग्वाड बोलती, पन मला मेलीला कळंना," गंगी आत्यांना म्हणाली. "दिवा द्येनार, फोटू काडनार, त्ये समजलं. कामाचा दिस मोडून यायचं, तवा जेवनाचं सांगा. घरटी येक का चुलबंद?"

सगळ्या अंगणाने रेणुकाकडे पाहिलं. सूप थांबलं. आणि 'घरटी एक' हे शब्द ओठांवर आलेले असताना तिला ते कसे कद्रू वाटले... तेवढंच नाही. तेवढंच असतं तर सांगितलं असतं. तो दुसरा शब्द होता ना, तो तिला उच्चारायचा होता. चार वर्षांपूर्वी जो शब्द तिला ठाऊक नव्हता, ज्याच्यावरून तिचं हसं झालं होतं, तो इथे, ह्या अंगणात, इथलीच असल्यासारखा सहज टाकायचा होता.

"चुलबंद," मी म्हणाले.

"आगं बया! सायबाच्या दारी चुलबंद!" धोंडाबाईचं बोळकं पसरलं. "आता म्या आदल्या सांजच्यापास्नंच उपाशी ऱ्हाते!"

सगळे हसले. रेणुकाही हसली, आणि त्या हसण्यात आपण आहोत, ह्याचा तिला इतका आनंद झाला की उतारावरून येताना आत्यांनी "इचारलंस न्हवं हाफिसात?" म्हटलं तेव्हा तिने तो आनंद न मोडता "हो" म्हणून टाकलं.

"मंग झालं," आत्या म्हणाल्या. "चुलबंद म्हंजी काय खेळ न्हाई, म्हून इचारलं."

त्यानंतरचे दिवस तिने आकडेमोडीत काढले. कागदावर नाही, मनात, चिमीला झोपवताना. शहरातली माणसं जेवत नाहीत, चाखतात, हे तिने ह्या नोकरीत पाहिलं होतं. कोणी भात सोडलेला, कोणी संध्याकाळनंतर काही न खाणारा, कोणी नुसत्या काकड्या उचलणारा. प्रत्येक कार्यक्रमानंतर पातेली अर्धी भरलेली परत जात, आणि ते अन्न ओतून देताना तिचा जीव तुटत असे. म्हणजे वाया जाणारच ते. म्हणजे कोणाचं काही न घेता, कोणाला काही न विचारता, वाडीचं पोटभर होईल, एखादी पंगत सहज उठेल. तिने तर त्या पंगतीचं चित्रही रंगवलं होतं: आत्या वाढताहेत, गंगी काहीतरी टोमणा मारतेय, आणि आपण कोट काढून ठेवून भाताचं पातेलं धरलंय. नियोजन म्हणजे दुसरं काय असतं. लोक किती येतील ह्याचा अंदाज, आणि आलेले किती खातील ह्याचा.

फक्त सकाळी कंपनीची सगळी माणसं भाज्याची लेणी चढून आली होती. आणि जेवण मावळी ठेवा, हेही तिनेच सुचवलं होतं.

साडेबाराला हॉलची दारं उघडली आणि ती माणसं हिरवळीवर आली, भुकेने मोठ्याने बोलत. मांडलेल्या भांड्यांची झाकणं निघाली: पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा, मऊ चिकट इंद्रायणी भात, आमटी, आणि चुलीवरच्या भाकऱ्या. रेणुका भांड्यांच्या मागे उभी राहून पातळी पाहत होती. पिठलं कडेच्या खुणेखाली गेलं. ठीक आहे, पहिल्या झटक्यात जातंच. भाकऱ्यांची चळत... पुन्हा आली, पुन्हा गेली. एक जाडा गृहस्थ तिसऱ्यांदा आला, "काय जेवण आहे हो, आईची आठवण आली," म्हणाला, आणि तिला त्याचा असा राग आला की तिने त्याला हसून आणखी एक भाकरी वाढली.

"रेणुका, तुम्ही सकाळपासून उभ्याच आहात," राजेश्वरी मॅडम ताट घेऊनच आल्या. त्या वाईट नव्हत्या. हे लक्षात ठेवलं पाहिजे, त्या खरंच प्रेमाने म्हणत होत्या. "घ्या हे. नाही नाही, मी ऐकणार नाही. तुमच्याच गावची भाकरी, आणि आम्ही काट्याचमच्याने खातोय वेड्यासारखे. दाखवा बघू कशी खायची."

तीन-चारजण जमले. एकाने मोबाइल धरला. सांगता आलं असतं की मी अजून जेवू शकत नाही. का? कारण ज्यांना मी बोलावलंय ते अजून जेवले नाहीत. बोलावणाऱ्याने शेवटी जेवायचं असतं. हे इतकं साधं होतं आणि मॅडमना ते आवडलंही असतं, त्यांनी कदाचित दुपारच्या भाषणात सांगितलंही असतं. पण ते बोललं की पुढचं वाक्य येणार, आणि त्याच्या पुढचं... तिने भाकरी मोडली. पिठल्यात कुस्करली, वर ठेचा, बुक्कीने कांदा फोडायचा असतो तोही फोडला, लोक वा वा म्हणाले, आणि तिने घास घेतला. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. तो घास तोंडात विरघळला आणि तिला कळेना काय झालं, ती खातच गेली, मोबाइल बाजूला झाला, माणसं पांगली, तरी ती भांड्यांच्या आडोशाला उभी राहून खात होती, आणि ती भाकरी संपल्यावर हात आपोआप चळतीकडे गेला आणि तिने दुसरी घेतली.

वर पाहिलं तेव्हा कुंपणाच्या तोंडाशी गंगी उभी होती. हातात रिकामी बाटली. पोरांना पाणी न्यायला आली असावी. गंगीने रेणुकाकडे पाहिलं, तिच्या बरबटलेल्या बोटांकडे, आणि चुकून कोणाचं दार उघडलं न् आत कोणी कपडे बदलत असलं तर माणूस वळवतं तशी नजर वळवली. मग नळाकडे गेली. बाटली भरून परत जाताना तिने इकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही हे दिसत होतं, आणि ते रेणुकासाठीच होतं.

तिने हातातला घास खाली घेतला. पण टाकायचा कुठे?

त्यानंतर थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून रतन आला. रतन इथला मुख्य स्वयंपाकी. "मॅडम, संपलं बरं का सगळं. घरटी एकाचं म्हणालात तेवढं वेगळं काढून ठेवलंय मी. पण मांडवात तर अख्खी घरंच्या घरं दिसतायत. काय करायचं?" मग तोच म्हणाला, "भात-आमटी टाकू का? तांदूळ आहे. अर्ध्या तासात उतरतो. गौरव सरांच्या कानावर तेवढं घाला, म्हणजे झालं."

गौरव सर, मॅनेजर, तिथेच दहा पावलांवर उभे होते. ते नाही म्हणाले नसते. हेच तर. ते भुवया उंचावून "अशी कशी चूक झाली?" म्हणाले असते आणि मग "टाका, टाका" म्हणाले असते. भात टाका म्हणायला फक्त एक वाक्य लागत होतं, 'मी त्यांना सगळ्यांना जेवायला बोलावलंय', आणि त्या वाक्यात असा काही गुन्हाही नव्हता. पण ते ऐकून सरांच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येईल, ही शेवटी गावातलीच, असं काहीतरी, किंवा तसं काहीच येणारही नाही... ती चेहऱ्यावर न उमटलेल्या त्या भावाकडे पाहत राहिली. रतन थांबला होता. फडक्याला हात पुसत होता.

"नको," ती म्हणाली. "काढलंय तेवढं पाठवा. बाकीच्यांना बॉक्स द्या."

"बघा हं."

"बॉक्स द्या रतनदादा. कार्यक्रमाला उशीर होतोय."

मी म्हणाले. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. भाताला अर्धा तास लागत होता आणि कार्यक्रम अर्धा तास सहज थांबला असता.

ती मांडवात गेली तेव्हा ताटं आली होती, घरटी एक. बायांनी आपापल्या ताटाभोवती पोरं बसवली, म्हाताऱ्यांच्या हातावर घास घातले, आणि मोठी माणसं गुळगुळीत खोके उघडून आतली थंड सँडविचं उलटीसुलटी करून पाहू लागली. धोंडाबाई पिवळा केक बोटाने दाबून पाहत होती.

"ह्यो काय स्पंज म्हनायचा का?"

"खा म्हातारे, दात लागत न्हाईत त्याला. तुज्यासाटीच केलाय," गंगी म्हणाली. मग हिरवळीकडे मान करून, "आन् तितं काय जेवत हुती गं मानसं? भाकरच न्हवं? आमचीच भाकर व्हय! मंग बरं झालं. आमी काल रातच्यालाच खाल्ली."

हशा झाला. खरा हशा. रेणुकाला त्यात कुठे उभं राहावं कळेना. आत्यांनी ताट घेतलं नव्हतं, खोकाही नाही. चिमी गंगीच्या नातीच्या ताटात हात घालून भात खात होती, आणि रेणुकाला, त्या क्षणीसुद्धा, चिमीने खाल्लं ह्याचं हायसं वाटलं.

गोविंदा उठून आत्यांपाशी आला. जमिनीकडे पाहत, फार हळू म्हणाला, "मावशी, चुलबंद हुतं न्हवं? रागावून न्हाई इचारत. पोरांस्नी काय म्हनायचं, म्हून."

त्याने रेणुकाला विचारलं नाही. ती तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होती.

"माजी चूक हाय, गोविंदा," आत्या म्हणाल्या. मोठ्याने, मांडवाला ऐकू जाईल अशा. "पोरीनं घरटी येकच सांगितलंतं मला. माज्या तोंडातनं चुलबंद निगून ग्येलं. वय झालं आता."

मांडवातली डोकी आत्यांकडे वळली. ते अंगण, ते थांबलेलं सूप, ते सगळे डोळे... इथे बसलेल्या निम्म्या बायांनी तो शब्द कोणाच्या तोंडून आला ते ऐकलं होतं. गंगीने तर तो मागून घेतला होता. रेणुकाने तोंड उघडलं. शब्द होता तिच्याजवळ. 'मी' एवढाच होता.

"व्हय की," गंगी म्हणाली. "मावशीच म्हन्ल्या. म्या हुते न्हवं तितं." आणि लगेच, हसत, "त्यास्नी नेसलेलं लुगडं ध्यानात ऱ्हाईना, आवतान काय ऱ्हातंय!"

पुन्हा हशा. कोणीतरी म्हणालं, असू दे मावशी, व्हतं आसं. धोंडाबाईनेही मान डोलावली. सगळ्यांनी मिळून, काही न ठरवता, तिच्यावर पांघरूण घातलं. आणि ते ओढून टाकून देण्याइतका वेळ तिच्याकडे होता, निदान एक श्वासभर होता, तेवढ्यात हिरवळीवरून "रेणुका, फोटो!" अशी हाक आली. ती वळली. हाकेने आपल्याला ओढून नेलं, असं तिला स्वतःला सांगता आलं असतं, पण ती धावली होती.

दिवे वाटले गेले. फोटोत सगळी घरं आली, पोरं आली, धोंडाबाई दिवा छातीशी धरून हसली. लाइफ आली.

नंतर माणसं वर निघाली. आत्याही त्यांच्याबरोबर गावाच्या वाटेपर्यंत जाणार होत्या. रेणुकाने चिमीला घटकाभर उचलून घेतलं होतं. आत्यांनी हात पुढे केले, चिमीला घेतलं, आणि घेताना क्षणभर त्यांचं नाक तिच्या बोटांपाशी आलं.

"हात धू," त्या म्हणाल्या. "पिठल्याचा वास येतुया."

एवढंच. त्यांनी हे माझ्यासाठी का केलं? मायेने, की घराच्या नावासाठी, की आपली सून लोणावळ्याच्या बाजूला मोठ्या हॉटेलात साहेब आहे असं त्या ज्यांना सांगत आल्या त्यांच्यासमोर ते खोटं पडू नये म्हणून? त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. लाल फ्रॉक त्यांच्या खांद्यावरून दिसत होता, वळणावर दिसेनासा झाला, आणि पहिल्यांदाच तो दिसेनासा झाल्यावर तिचा जीव हलला नाही; उलट तिने श्वास सोडला.

उन्हं विसापूरच्या कड्यावर चढली तेव्हा कंपनीच्या बस फाटकाशी लागल्या. राजेश्वरी मॅडमनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिने तो धुतला होता, दोनदा.

"इतका स्मूथ कार्यक्रम मी पाहिला नाही, खरंच. आणि ती माणसं! किती समाधानी ना? कशाचीही तक्रार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा इथेच, हं. येतील ना ती सगळी?"

"येतील की," रेणुका म्हणाली.

आणि म्हणता म्हणताच तिला दिसलं की ते खरं आहे. येतील. ती पुन्हा त्या अंगणात जाईल, आणि गंगी सूप थांबवून घरटी एक का चुलबंद असं विचारणार नाही. विचारायचं आता काही उरलेलं नाही. रेणुका चुलबंद म्हणेल, वाटेल ते म्हणेल, आणि गंगी म्हणेल, "व्हय सूनबाई, येतो की." हसेलसुद्धा. आणि त्या सकाळी वाडीतल्या घराघरांत अंधारातच चूल पेटेल, पोरांना पोटभर खाऊ घातलं जाईल, म्हातारीला भाकर दुधात कुस्करून दिली जाईल, आणि मग ती माणसं तोंड पुसून, तेल लावून, लग्नातली लुगडी नेसून खाली येऊन बसतील, आणि तिला कधी कोणी हे सांगणार नाही.

हे सगळं एका क्षणात दिसलं. मॅडम अजून हात धरून होत्या. आणि तिच्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं, शरमही नव्हती. पहिलं आलं ते असं की — म्हणजे पुढच्या वर्षी ताटांची काळजी नाही. तिचे खांदे सैल झाले. खरंच झाले, सकाळपासून आवळलेलं काहीतरी मानेपासून सुटत खाली आलं, इतकं बरं वाटलं की ती हसली, आणि मॅडमही हसल्या.

बस वळून गेली. हात मोकळा झाला तरी ती फाटकाशी तशीच उभी राहिली, आपल्याच चेहऱ्यावरचं ते हसू निवण्याची वाट पाहत. आणि ते लवकर निवेना.